कानांच्या पापण्या

गेल्या महिन्यात भाच्यानं मला जवळजवळ ओढतच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दादरच्या माझ्या घरापासून चार पावलांवरच दवाखाना आहे. कारण काय, तर तो म्हणे दहा मिनिटं दारात उभा राहून बेल वाजवत होता आणि मी आत आरामात शब्दकोडं सोडवत बसले होते. डॉक्टर म्हणजे कालचं पोर. त्यानं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी मन लावून बसले आणि सगळे आवाज ऐकले, डासाएवढा बारीक होता तोसुद्धा. कागद बघून पोरगा चक्रावला. म्हणाला, आजी, तुमचे कान तर माझ्यापेक्षा बरे आहेत, मग बेल का ऐकू येत नाही? म्हटलं, बाबा रे, ती फार जुनी खोड आहे, तिच्यापायी एक विमान पोटावर बसलंय. त्यानं हळूच भाच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार की कान ठीक, पण म्हातारीचं डोकं दाखवायला हवं. भाचा म्हणाला, नाही नाही, ते खरंच बसलं होतं. तेव्हाच ठरवलं की हा सगळा प्रकार एकदाचा लिहून टाकायचा.

आम्ही तेव्हा गिरगावात फणसवाडीत राहायचो, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. तळमजल्यावर लग्नात वाजवणाऱ्या बँडचं दुकान होतं आणि त्यांची तालीम रोज संध्याकाळी पाचला सुरू व्हायची. समोर मंगल कार्यालय, मागच्या गल्लीत तांब्याची भांडी ठोकणारे, आणि भिंतीपलीकडे बापटांचा रेडिओ, तो बापट झोपले तरी चालूच असायचा. या सगळ्यात आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एका विमा कंपनीत कारकून होते आणि घरी आले की बी.ए.चा अभ्यास करू बघायचे. दोनदा बसले, दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा त्यांनी बँडवर खापर फोडलं, आणि मला वाटतं त्यात थोडं तथ्यही होतं. तिसऱ्यांदा ते बसले नाहीत. त्याऐवजी त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

अण्णांचं म्हणणं असं की देवानं डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना द्यायच्या राहून गेल्या, तर त्या आपल्या आपण बसवून घ्यायच्या. त्यासाठी त्यांची एक शिकवणीच होती. मी गणितं सोडवायला बसायची आणि अण्णा माझ्या मागे स्टीलचं ताट आणि उलथनं घेऊन उभे राहायचे. कधी ताट बडवतील, याचा नेम नसायचा. मी दचकले किंवा मान वर केली, की गणित खोडून पुन्हा पहिल्यापासून. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, अहो, पोरीचे कान फुटतील, निदान ते उलथनं तरी द्या, मला हवंय. पण मी शिकले. दहाव्या वर्षी मला ते एकदाचं जमलं, ते आजही पुरतं सुटलेलं नाही. म्हणजे काय, तर मी पुस्तक उघडलं की आतून काहीतरी मिटायचं आणि बँड, बापट, भांडीवाले सगळे एकदम नाहीसे व्हायचे. अण्णा पाहुण्यांसमोर माझं प्रात्यक्षिक करायचे. मी वाचत बसलेली असताना मागून ताट वाजवायचे, मी ढिम्म, आणि पाहुणे तोंडात बोट घालायचे. चाळीत कोणाच्या पोराला अभ्यासात मन लागत नसलं, की त्याला आमच्याकडे मला बघायला पाठवत. मला त्याचा भारी अभिमान होता.

विमानाचं वेड कुठून लागलं, ते विचारू नका. गिरगावात विमानं नुसती वरून जातात. पण बी.एस्सी. झाल्यावर कुठूनसं कळलं की उपनगरातल्या एका छोट्या विमानतळावरच्या क्लबात सरकारी सवलतीत काही मुलांना उडायला शिकवतात. मी अर्ज केला, परीक्षा दिली आणि घेतली गेले. परीक्षेच्या हॉलबाहेर त्या दिवशी रस्ता खोदत होते, बाकीची मुलं कंटाळून गेली आणि माझा पहिला नंबर आला. अण्णांनी चाळीत पेढे वाटले, त्यात बँडवाल्यांना दोन दोन जास्त. म्हणाले, यांचाच हातभार आहे.

क्लबात तीन विमानं होती. दोन साधी, त्यांची चाकं कायम खालीच असायची, बैलगाडीसारखी. तिसरं मात्र नखरेल होतं. हवेत गेलं की त्याची चाकं पोटात घ्यायची आणि उतरायच्या आधी आठवणीनं बाहेर काढायची, त्यासाठी समोर एक दांडा. चाकं नीट बाहेर आली की तीन हिरवे दिवे लागत. आणि माणूस विसरलाच, तर चाकं आत असताना उतरण्यासाठी इंजिनाचा जोर कमी करताक्षणी एक हॉर्न असा काही कोकलायला लागे, की मेलेला उठून बसावा. व्यावसायिक लायसनसाठी या तिसऱ्या विमानावर ठरावीक तास लागायचे. शिकवायला कॅप्टन डिमेलो, गिरगावातलेच, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर राहणारे, सैन्यातून निवृत्त झालेले आणि आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचे निस्सीम भक्त. आई माझ्या डब्यात बारा पुऱ्या द्यायची आणि त्यातल्या दहा त्यांच्या पोटात जायच्या. विमानांची देखभाल परबकाका करायचे. डिलाईल रोडच्या चाळीत राहणारे, मूळचे मालवणकडचे, बुटके, कायम खांद्यावर लाल फडकं टाकलेले. विमान उतरायच्या वेळी धावपट्टीवर कुत्री यायची, ती हाकलायचं कामही तेच करायचे, फडकं हलवत. त्यांच्या डब्यात बांगड्याचं तिखलं असायचं. पहिल्या दिवशी त्या वासानं मी लांब जाऊन बसले होते आणि महिन्याभरात त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून खायला लागले. आईला हे कळलं नाही, किंवा कळलं असेल तर तिनं विचारलं नाही.

त्या दिवशी मी तिसऱ्या विमानावर एकटीच होते. वारा आडवा सुटला होता. उतरण्याआधीची कामं मी तोंडानं म्हणत करत होते, आणि चाकांपाशी आले नेमकी तेव्हाच रेडिओवर डिमेलोसरांनी हाक मारली, की पुढे एक विमान आहे, जरा लांबून ये. मी 'हो' म्हटलं, लांबून आले आणि यादी पुढच्या कामापासून सुरू केली. चाकांचं काम मधल्यामध्ये राहून गेलं. मग वाऱ्यानं विमान डावीकडे ढकलायला सुरुवात केली, तेव्हा मी जे लहानपणापासून करत आले होते तेच केलं. मन गोळा केलं आणि बाकी सगळं मिटून घेतलं. धावपट्टीच्या कडेला परबकाका फडकं हलवत धावताना दिसले. मला वाटलं, कुत्री. विमान इतकं अलगद खाली आलं की मी स्वतःवरच खूश झाले. मनात म्हणते आहे, नीला करंदीकर, याला म्हणतात लँडिंग, आणि तेवढ्यात खालून खरवडल्याचा असा आवाज आला, की त्यापुढे माझ्या पापण्यांचंही काही चाललं नाही. पंख्याची पाती वाकली, इंजिन बंद पडलं आणि विमान पोटावर घसरत जाऊन मधोमध थांबलं. मला खरचटलंही नाही. दार उघडून खाली पाय सोडला, तर जमीन फारच लवकर लागली. तेव्हा कुठे कळलं, काय झालंय ते.

डिमेलोसर धावत आले, मी धड आहे हे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, हॉर्न वाजला की नाही? मी म्हटलं, नाही सर. अगदी छातीठोक. मला खरंच ऐकू आला नव्हता, मग दुसरं काय सांगणार? परबकाका मागेच उभे होते, धापा टाकत. ते म्हणाले, वाजत होता, ही शेवटी 'उतरतेय' म्हणाली तेव्हा हँगरमधल्या रेडिओवर हिच्या आवाजामागे मी ऐकलाय, म्हणून तर धावलो. पण पंधरा दिवसांपूर्वी त्याच हॉर्नची वायर त्यांनी दुरुस्त केली होती आणि वहीत त्यांची सही होती. विमान उचलून हॉर्न तपासला, तो वाजला. त्यावर चौकशीला आलेले साहेब म्हणाले, आत्ता वाजतोय हो, पण तेव्हा वाजला होता का? आत बसलेली मुलगी नाही म्हणते. मेकॅनिक काय, आपली नोकरी वाचवायला काहीही म्हणेल. परबकाकांना चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं. मला सोमवारपर्यंत लेखी जबाब द्यायला सांगितलं. मी त्यांच्यावर मनातून चिडलेच होते. इतकी वर्षं काम केलेला माणूस, आपली चूक झाली तर कबूल करावी, असं मला वाटत होतं. आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

रविवारी सकाळी जबाब लिहायला बसले. आई भाजी आणायला खाली निघाली होती. जाताना म्हणाली, कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. मी 'हो' म्हटलं. कागद चांगला फुलस्केप होता, अण्णांनी ऑफिसातून आणलेला. मी नाव, गाव, विमान सगळं लिहिलं आणि मग वळणदार अक्षरात लिहिलं की इंजिनाचा जोर कमी केल्यावर हॉर्न वाजला नाही, हे मी खात्रीपूर्वक सांगते. तेवढ्यात कोणीतरी मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. आई होती. हातात पिशवी तशीच, मागे बापटकाकू आणि बँडवाल्यांपैकी एकजण, आणि खोलीभर करपलेल्या डाळीचा धूर. बापटकाकू भिंतीवर थापा मारून थकल्या होत्या. बँडवाला म्हणाला, ताई, रविवारची सकाळची तालीम थांबवली आम्ही, म्हटलं वर काय झालं. आईनं विचारलं, तीन शिट्ट्यांना बंद करायला सांगितलं होतं ना? आणि मी तिला अगदी छातीठोक सांगितलं, शिट्टी झालीच नाही.

बापटकाकूंनी पदर तोंडाला लावला, त्यांना हसू येत होतं. मी मात्र टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले. 'खात्रीपूर्वक' हा शब्द वळणदार अक्षरात तिथेच होता. त्या शब्दाची आठवण मला अजून आहे, धावपट्टीवरच्या घसरण्याची तेवढी नाही.

अण्णांना सांगितलं, तर ते कारकुनी वळणावर गेले. कुकर वेगळा, विमान वेगळं, एका डाळीवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. मी म्हटलं, मग तपासून बघा. मी विमानाचं हँडबुक घेऊन खिडकीशी बसते, तुम्हाला वाटेल तेव्हा घड्याळाचा गजर लावा. आमच्याकडे दोन घंटांचं चावीचं घड्याळ होतं, त्यानं अर्धी चाळ उठायची. मी वाचायला बसले. हायड्रॉलिकचं प्रकरण होतं, किचकट. चार पानं झाली, पाच झाली. शेवटी कंटाळून मी मान वर केली. अण्णा समोरच्या खुर्चीत बसले होते, घड्याळ दोन्ही हातांत धरून.

"कधी वाजवताय, अण्णा?"

"वाजून संपलं गं," ते म्हणाले. "दोनदा चावी दिली."

त्यांचा चेहरा मला बघवेना. बारा वर्षं त्यांनी पाहुण्यांना दाखवलेली माझी करामत त्यांच्या मांडीवर पडली होती. मग ते हळू आवाजात म्हणाले की जबाब लिहून झालाच आहे, तू काही खोटं लिहिलेलं नाहीस, तुला ऐकू आलं नाही हे खरंच आहे. हे ते माझ्यासाठी म्हणत होते, हे मला कळत होतं. माझं लायसन हे त्यांचं बी.ए. होतं. पण आई करपलेला कुकर घासत होती, ती तिथूनच म्हणाली, "त्या माणसाला घरी बसवलंय ना? मग उद्या सकाळी पहिली जा." आणि पुन्हा घासायला लागली. अण्णांनी तो फुलस्केप उचलला, मधोमध घडी घातली आणि मला नवा कागद आणून दिला.

सोमवारी डिमेलोसरांच्या टेबलावर कागद ठेवला. हॉर्न वाजला असावा, मला आवाज मिटून काम करायची सवय आहे, चाकांचं काम राहिलं ती चूक सर्वस्वी माझी, श्री. परब यांचा दोष नाही, एवढाच मजकूर. सरांनी वाचला आणि चष्मा काढला. त्या दिवशी पुऱ्यांच्या डब्याला त्यांनी हातही लावला नाही.

"हे आत दिलं तर तुझे सवलतीचे तास गेले समज, नीला. कमिटीत दोघंतिघं वाटच बघतायत, पोरगी कशाला घेतली म्हणून. विचार कर, मॅन."

मी म्हटलं, केलाय सर. मला रडू फुटत होतं आणि ते मी फुटू दिलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? बावीस वर्षांची होते आणि उडण्यापलीकडे मला जगात दुसरं काही नको होतं.

तिथून थेट डिलाईल रोडला गेले. परबकाका लुंगीवर चाळीच्या गॅलरीत बसले होते, समोर उघडलेला शेजाऱ्याचा मिक्सर. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, ताट, उलथनं, कुकर, घड्याळ. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"गो चेडवा, मी धावत इलंय, फडको हलवलंय. तू बघलंस पण माझ्याकडे!"

"मला वाटलं, कुत्री हाकलताय."

यावर ते जे हसायला लागले, ते थांबेचनात. हसता हसता खोकला लागला, काकी पाणी घेऊन आल्या, त्यांना सांगताना पुन्हा हसू. मग खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. म्हणाले, आठवडाभर चाळीत सगळे विचारत होते, घरी कसे, आणि मी सांगत होतो, रजा आहे. त्यांनी डोळे त्या लाल फडक्यालाच पुसले. काकींनी माझ्यापुढे चहा आणि मालवणी खाजं ठेवलं. माफी मागायला गेलेली मी, पाव किलो खाजं खाऊन आले.

परबकाका दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाले. माझं उडणं सहा महिने बंद झालं. तास कायमचे काढून घ्यायचं ठरत होतं, पण डिमेलोसर कमिटीशी भांडले. म्हणाले, कान बंद असलेली पोरगी दुरुस्त होईल, तोंड बंद ठेवणारी असती तर मीच हाकलली असती. ते सहा महिने मी रोज हँगरमध्ये जायचे. परबकाकांनी तिथे अण्णांची शिकवणी उलटी चालवली. मी जॅकवर ठेवलेल्या विमानात बसून गणितं सोडवायची आणि ते वाटेल तेव्हा हॉर्न वाजवायचे. मी मान वर करून दांड्याला हात लावला नाही, की गणित खोडून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या महिन्यात मी एकही हॉर्न पकडला नाही. दुसऱ्यात चार पकडले. एक दिवस अण्णा ऑफिस बुडवून हे बघायला आले, थोडा वेळ लांब उभे राहिले आणि मग परबकाकांना म्हणाले, मी वाजवू का? परबकाकांनी त्यांना जागा दिली.

सहा महिन्यांनी डिमेलोसरांनी मला पुन्हा त्याच विमानात एकटीला सोडलं. उतरताना त्यांनी मुद्दाम नेमक्या चाकांच्या वेळी रेडिओवर हाक मारली, लबाड माणूस. मी उत्तर दिलं आणि दांड्यावरचा हात काढला नाही. चाकं खाली गेल्याची घरघर ऐकू आली, तीन हिरवे दिवे लागले, वाऱ्याची शीळ, इंजिनाचा दम, सगळं ऐकू येत होतं. कडेला परबकाका उभे होते, फडकं खांद्यावर. टेकताना चांगला दणका बसला, आधीच्या लँडिंगइतकं मऊ मुळीच नव्हतं. पण चाकांवर बसलं.

संध्याकाळी घरी पुढच्या परीक्षेचं पुस्तक उघडलं, तर एक ओळ डोक्यात शिरेना. बँड इतका बेसूर वाजवतो, हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. बापटांच्या रेडिओवर बाजारभाव चालले होते. भांडीवाले ठोकत होते. आणि या सगळ्याखालून आणखी एक बारीक आवाज येत होता, गोड, संथ, तो कुठून येतोय ते कळेना. मी उठून शोधत शोधत स्वयंपाकघराच्या दारात गेले. आई पोळ्या लाटत होती आणि लाटता लाटता गात होती. शब्द नव्हते, नुसता सूर, पण काय सुरेल. मी तिथेच उभी राहिले. पोळी तव्यावर टाकताना तिचं लक्ष गेलं, तशी ती थांबली.

म्हटलं, "आई, तू गातेस? कधीपासून?"

आईनं पोळी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्यासाठीच म्हणायला लागले, पाळण्यात होतीस तेव्हा. म्हटलं, कधीतरी ऐकशील."